कुटुंब क्रमांक एकोणीस

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, संपत आली असताना, पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका गावात यशोदा नावाची ढिवराची, मासेमाऱ्याच्या घरची, सून पहाटे बाळंत झाली आणि त्याच दिवशी दुपारी, तालुक्याचा दवाखाना अर्ध्या कोसावर राहिला असताना, बैलगाडीत रक्तस्रावाने मरण पावली. तिचे वय चोविसाच्या आसपास होते. मुलगा जगला. मी तेव्हा चंद्रपूरच्या एका परिचारिका प्रशिक्षण केंद्रात शेवटच्या वर्षाला होते आणि यशोदा माझ्या कुटुंब अभ्यासातली गरोदर माता होती. तिच्या मृत्यूच्या महिनाभर आधी मी तिची फाइल पूर्ण करून जमा केली होती. तिची तब्येत सुधारल्याची नोंद त्या फाइलीत आहे. ती माझ्या हातची आहे.

कुटुंब अभ्यास म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय वर्गात शिकून संपत नसे. शेवटच्या वर्षी दहा आठवडे खेड्यात राहावे लागे. प्रत्येक मुलीने एक कुटुंब निवडायचे, दर आठवड्याला गृहभेट द्यायची, घरातल्या आरोग्याच्या अडचणी शोधायच्या, त्यांवर शिकवायचे आणि शिकवल्याने काय बदलले ते लिहायचे. फाइलीच्या प्रत्येक पानावर चार रकाने होते: अडचण, उद्दिष्ट, आरोग्यशिक्षण, परिणाम. चौथा रकाना रिकामा असलेली फाइल स्वीकारली जात नसे. या फाइलीवर तोंडी परीक्षा होई आणि तीत नापास झालेल्या मुलीला सहा महिने थांबावे लागे. आमच्या आधीच्या तुकडीतल्या अशा दोघींपैकी एकही परत आली नव्हती. घरच्यांनी लग्ने लावून दिली होती.

आम्ही सोळा मुली आरोग्य केंद्रामागच्या लांबट खोलीत राहत होतो. पत्र्याच्या छपरावर सकाळी माकडे उतरायची आणि त्या आवाजाने जाग यायची. त्यानंतर गावातल्या उखळांचे आवाज सुरू व्हायचे, एकामागून एक, वेगवेगळ्या घरांतून, आणि त्यात मधेच एखादे मुसळ थांबले की कोणाच्या घरात लेकरू रडते आहे ते कळायचे. स्वयंपाक पाळीने होता. भात, लाखोरीची डाळ, कोणी घरामागच्या सांदवाडीतून आणून दिलेला भोपळा. रविवारी बाजारातून झिंगे. मी चंद्रपूरच्या परकोटाच्या आतली. माझे बाबा कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि आमच्या घरी दोरीवर वाळत घातलेले पांढरे कापड संध्याकाळी पांढरे राहत नसे. नर्सचा गणवेश पांढरा असतो, ही गोष्ट बाबांना फार मोठी वाटत होती. वस्तीतल्या विहाराजवळ भेटेल त्याला ते सांगायचे, "आमची सुजाता दवाखान्यात लागून राह्यली." तेव्हा मला लागायला अजून वर्ष होते.

कुटुंब निवडण्याचा पहिला आठवडा मला आजही लाज वाटावी इतका आठवतो. ट्यूटर मॅडम कोकणातल्या, काटेकोर, शिस्तीच्या. त्यांनी सांगितले होते, "ज्या घरात शिकवायला वाव आहे, असं घर निवडा. सगळं ठीक असलेल्या घरात जाऊन तुम्ही लिहिणार काय?" याचा अर्थ आम्ही बरोबर घेतला. जितक्या अडचणी जास्त, तितकी फाइल जाड, तितके गुण. सोळा मुली गावात अडचणी शोधत फिरू लागल्या. संध्याकाळी खोलीत भाव चालल्यासारखे बोलणे चाले.

"माह्याकडे खरूज आहे, तिघाइले."

"खरूज तं सगळ्याइकडेच आहे. गरोदर आहे का तुह्याकडे?"

"नाई. पन म्हाताऱ्याले खोकला आहे. क्षयच असन, देवा."

हे बोलणारी मंदा. वडशाची, माझ्या शेजारच्या खाटेवरची. तिचे वडील हिवाळ्यात नाटक मंडळ्यांचे कपडे शिवायचे आणि लहानपणापासून तालमी पाहून तिला कोणाचीही नक्कल करता यायची. त्या म्हाताऱ्याला क्षय निघाला तेव्हा तिने खोलीत येऊन पेढे मागितले. आम्ही हसलो. मीही हसले.

मला यशोदा मिळाली. नोंदवहीत त्या घराचा क्रमांक एकोणीस. तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, मातीच्या भिंतींचे, कवेलूच्या छपराचे घर. पुढे ओसरीसारखी सपरी, मागे सांदवाडी, तिच्या कुंपणावर वाळत घातलेली जाळी. घरात चार माणसे. यशोदा, सहा महिन्यांची गरोदर. तिचा नवरा दयाराम, तलावात मासे धरणारा आणि कापणीला मजुरीने जाणारा. चार वर्षांची मुलगी शांता, पाय काड्यांसारखे. आणि सासू भागाबाई. संडास नव्हता, न्हाणीचे पाणी घरामागे साचत होते, मुलीला एकही लस दिलेली नव्हती आणि यशोदाच्या पापणीची आतली कड जवळजवळ पांढरी होती. मॅडमनी माझी यादी वाचली आणि म्हणाल्या, "उत्तम घर आहे."

पहिल्या भेटीत मी शिकवल्याप्रमाणे सपरीत वर्तमानपत्र पसरले, त्यावर गृहभेटीची पिशवी ठेवली, आणि हात धुवायला पाणी मागितले. भागाबाईने माझ्याकडे पाहिले.

"कोन गावची वं, पोरी?"

"चंद्रपूरची."

"चांद्याची. अन् नाव?"

"सुजाता."

"अस्सं," ती म्हणाली. नावावरून तिला कळायचे ते कळले. तिने यशोदाला सांगितले आणि यशोदाने दुरून, वरून, माझ्या ओंजळीत पाणी ओतले. मी हात धुतले. प्यायला पाणी त्या दिवशी कोणी विचारले नाही, पुढच्या भेटीतही नाही. याला फाइलीत रकाना नव्हता.

मी टिपकागदावर यशोदाच्या बोटातल्या रक्ताचा थेंब घेतला आणि रंगपट्टीशी लावून पाहिला. पट्टीवरच्या पन्नास आणि साठ टक्क्यांच्या मधला, धुतलेल्या विटकरीसारखा रंग. पंचावन्न लिहिले. लोहाच्या गोळ्यांची पुडी काढून मी रोज एक घ्यायला सांगितले. चित्रांची चळत मांडीवर उभी धरून एकेक पान उलटत रक्त कशाने वाढते, बाळाला ते का लागते, हे सगळे पाठ केल्याप्रमाणे सांगितले. यशोदा चित्रे लक्ष देऊन पाहत होती. एका चित्रातल्या बाईच्या हातात दुधाचा पेला होता. ती म्हणाली, "इच्या घरी म्हैस हाये वाटते."

गोळीला मात्र तिने हात लावला नाही.

"गोळी खाल्ली का पोट्टं मोठं होते म्हन्तेत, बाई. मोठं झालं का अडते."

भागाबाईने आतून सांगितले, "माही बहीन तशीच गेली. सातव्यापासून दोन्ही टाइम पोटभर भात खाल्लन तिनं. दोन दिवस अडून होतं लेकरू. म्हून आमी आता पोटुशीले कमीच देतो. पेज देतो, भाजी देतो. भात एक टाइम."

"गोळीनं मूल मोठं होत नाही," मी म्हणाले. "गोळीनं फक्त रक्त वाढतं."

"रक्त वाढलं का पोट्टं वाढनच ना जी," यशोदा म्हणाली. भांडण म्हणून नव्हे. मला समजले नसेल म्हणून समजावून सांगावे, तशी. मी चित्रांची पाने पुढेमागे उलटून पाहिली. त्यांत याचे उत्तर नव्हते.

ते उत्तर कुठे तरी असणार होते. भागाबाईला बहिणीच्या बाळंतपणाबद्दल आणखी विचारले असते, ती बाई किती उंच होती, कंबर कशी होती, सुईणीने काय केले, तर कदाचित त्यातूनच सापडले असते. मी विचारले नाही. माझ्याकडे आठ आठवडे उरले होते आणि चौथा रकाना रिकामा होता. दुसऱ्या भेटीतही तेच झाले. तेव्हा मी खोलीत येऊन मंदाला सांगितले. ती कांदा चिरत होती.

"एवढं काय शिकवून राह्यली तिले? सरळ म्हन, बाई, तुमी गोळ्या नाई खाल्ल्या तं मी नापास होईन. डोळ्यात पानी आन. येत नसन तं हा कांदा घेऊन जाजो पिशवीत."

"असं सांगायचं?"

"मंग? माह्या म्हाताऱ्यानं खोकल्याचा थुका कसा देल्ला? मी म्हटलं, बाबा, मी तुमच्या नातीवानी, माही परीक्षा हाये. लगेच देल्ला. सगळ्याच म्हनतेत. तूच एक शहानी."

तिसऱ्या भेटीत मी तसे सांगितले. कांदा लागला नाही. मला खरोखरच भीती वाटत होती, म्हणून आवाज आपोआप कापला.

यशोदा जाळ्याची गाठ मारता मारता थांबली. "नापास झाल्या तं काय होते जी?"

"घरी पाठवतात."

"मंग?"

"मग काही नाही. लग्न लावून देतील."

ती पहिल्यांदाच हसली. "हे तं भल्लंच वाईट." मग तिने सासूकडे पाहिले. भागाबाई सूप पाखडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "घेऊन टाक वं पुडी. आपल्या पायी कोनाच्या पोरीचं नुकसान काऊन करावं?"

यशोदाने पुडी घेऊन पदरात बांधली. मी उठले तेव्हा तिने आतून पाणी आणले. घरातल्याच पितळी गडव्यात, माझ्या हातात दिले. मी पाणी प्याले. परत येताना तलावाच्या पाळीवर मी जवळजवळ धावत होते. त्या दिवसाच्या पानावर चौथ्या रकान्यात मी लिहिले: "मातेच्या दृष्टिकोनात बदल. कुटुंबाचा विश्वास संपादन."

त्यानंतर प्रत्येक भेटीत पुडी माझ्यापुढे उघडली जाई आणि मी गोळ्या मोजत असे. दर आठवड्याला बरोबर सात कमी असत. कधी सहा नाही, कधी आठ नाही. सोळा मुलींपैकी कोणाच्याही घरी इतका नेमका हिशेब नव्हता. मंदाच्या म्हाताऱ्याच्या गोळ्या कधी चार उरत, कधी नऊ. मॅडमनी माझे पान वर्गात वाचून दाखवले. मीही गोळ्यांबरोबर जे विचारायचे असते ते सगळे विचारत होते. पुडी दिली त्याच दिवशी मी यशोदाला सांगून ठेवले होते की या गोळीने थोडे मळमळेल, शौचाला काळे होईल, घाबरायचे नाही. पुढच्या भेटीत मी विचारले, "मळमळतं का?" ती म्हणाली, "थोडंसं मळमळते." "काळं होतं का?" "होते जी, काळं होते." मी दोन्ही नोंदी केल्या.

पुढे नर्सचे काम सोडून बावीस वर्षे मी नागपूरला एका दैनिकात जिल्ह्याच्या बातम्या तपासायच्या टेबलावर काम केले. एखाद्या बातमीदाराच्या मजकुरात गावातली सगळी माणसे एकाच सुरात, अगदी हवे तसे बोलत असली की मी त्याला फोन लावून विचारत असे, "हे त्यांनी सांगितलं, की आधी तू त्यांना सांगितलंस?" बहुतेक वेळा तो थोडा थांबायचा. हा प्रश्न मी कोणत्या कामात शिकले ते मी त्या कचेरीत कोणाला सांगितले नाही.

मी काय पाहिले होते तेही इथे लिहिते. पाण्याचा गुंड घेऊन पाळ चढताना यशोदा दोनदा थांबत असे. सहाव्या भेटीपासून तीनदा. पायांवर बोट दाबले की खळगा राहायचा. पापणीची कड पहिल्यासारखीच होती. शेवटच्या महिन्यांत दम लागतो, पाय सुजतात, असे आमच्या पुस्तकात होते, आणि मला त्या वाक्यांचा आधार पुरला. नवव्या आठवड्यात दुसऱ्यांदा रक्त तपासायचे होते. रंगपट्टीची वही त्या दिवशी दुसऱ्या मुलीकडे होती, ती पलीकडच्या गावात गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम फाइली पाहायला येणार होत्या. मी थांबू शकले असते. मी सत्तर लिहिले. मॅडमनी त्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि म्हणाल्या, "पाहिलंस? नियमित गोळ्या घेतल्या की असं होतं."

शेवटच्या भेटीला यशोदाने मला जेवायला थांबवले. दयारामने सकाळीच तलावातून आणलेली बारीक मासळी होती, आंबाडी घालून केलेली, तिखट. नव्या धानाचा भात, वाफ निघणारा. भागाबाईने स्वतः वाढले. सपरीत शांता माझ्या मांडीला टेकून बसली होती आणि माझ्या ताटातले मासे वेचत होती. सांदवाडीत वालाच्या शेंगा लोंबत होत्या. कोणाच्या तरी खळ्यावर बैल फिरवणाऱ्या माणसाचे ओरडणे ऐकू येत होते. यशोदा समोर बसून मला जेवताना पाहत होती.

"तुम्ही घ्या ना."

"मी मांगून खाईन जी."

"पोटभर खाता ना?"

"खातो ना. दोन्ही टाइम खातो."

भागाबाई मधेच म्हणाली, "लिवून घे वं पोरी, खाते म्हून." दोघी हसल्या. मी हसून वही काढली आणि लिहिले. त्या घरात माझ्यादेखत यशोदा एकदाही जेवली नव्हती. हे त्या क्षणीही मला माहीत होते. निघताना मी तिला आणखी तीस गोळ्या दिल्या आणि बाळंतपणाला दवाखान्यात यायला सांगितले. ती "येतो ना" म्हणाली. पाळीपर्यंत सोडायला आली. "पास झाल्या का सांगून पाठवजा," ती म्हणाली. "नाईतं आमाले कसं समजन?"

तिच्या मृत्यूची बातमी मला चंद्रपूरला कळली. त्या गावच्या आरोग्य केंद्राची नर्सबाई महिन्याच्या बैठकीला आली होती. तिने वसतिगृहाच्या फाटकात उभे राहून सांगितले, तुझी ती तलावाखालची गेली. मी दुसऱ्या दिवशी रजा मागून पोंभुर्ण्याच्या एसटीत बसले. रजेच्या अर्जावर काय कारण लिहिले ते आठवत नाही.

पुढचे मी पाहिलेले नाही. दयारामने सपरीत बसून सांगितले ते असे. पहाटे सुईणीने मूल काढले. लहानसेच होते, अडले नाही. भागाबाईने देवापुढे नारळ ठेवला. वार पडली, पण रक्त थांबले नाही. खूप गेले असे सुईण म्हणत नव्हती. दुसऱ्या बायांचे जाते तितकेच, ती म्हणाली. पण यशोदा पांढरी पडली आणि तिला ओळख राहिली नाही. गाडी जुंपायला उजाडले. गावच्या केंद्रातले डॉक्टर आणि जीप कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेच्या शिबिराला गेले होते, हे एका सायकलवाल्याने वाटेत सांगितले, तेव्हा त्याने बैल तसेच पुढे तालुक्याच्या दवाखान्याकडे हाकले. वाटेत तिने दोनदा पाणी मागितले. तिसऱ्यांदा मागितले नाही. हे सगळे त्याने माझ्याकडे न पाहता, जाळ्याचा एक दोर बोटाला गुंडाळत सांगितले. केंद्राच्या नर्सबाईने मला सांगितलेली वेळ आणि त्याने सांगितलेली वेळ जुळते.

निरोगी बाई जितके रक्त गेलेले सोसते, तितके रक्त यशोदाकडे सोसायला नव्हते. हे विधान माझे आहे. ते त्या दिवशी तिथे कोणी केले नाही.

भागाबाई आतून बाहेर आली. मांडीवर बाळ घेऊन ती शेळीच्या दुधात बुडवलेली वात त्याच्या ओठांना लावत होती. तिने मला बस म्हटले. मग तिने दयारामला सांगितले आणि त्याने छपराच्या बांबूच्या फटीतून कापडाची पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली.

"घेऊन जा," भागाबाई म्हणाली. "सरकारची वस्तू हाये. आमाले काय कामाची?"

मी ती सोडली. गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, काहींचा रंग उडाला होता. मी त्या सपरीत बसून मोजल्या. माझ्या फाइलीप्रमाणे बेचाळीस पोटात गेल्या होत्या. शेवटी दिलेल्या तीस धरून बहात्तर. परत आलेल्या एकोणसत्तर होत्या.

"पयल्या तीन खाल्ल्यान तिनं," भागाबाई म्हणाली. "वकून टाकलं. मंग म्हने, नाई खात मी. मी म्हटलं, अवं, त्या पोरीले तं सांगून पाहू. थे म्हने, नको माय, थे नापास होईन. तुयी यायची पाळी आली का मोजून सात काढून ठेवे. माह्याकडून मोजून घे, चुकलं का म्हून." बाळाच्या तोंडातली वात निसटली होती, ती तिने परत लावली. मग तिने विचारले, "झाली का पास तू?"

मी सांगितले, परीक्षा अजून व्हायची आहे.

"होशीन," ती म्हणाली.

या शब्दात टोमणा होता की नाही, हे मी गेली कित्येक वर्षे ठरवू शकलेले नाही. मला आठवतो तो आवाज सरळ होता. टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

चंद्रपूरला परत आल्यावर मी पुरचुंडी घेऊन ट्यूटर मॅडमच्या खोलीत गेले. सगळे सांगितले. सत्तरचा आकडा मी न तपासता लिहिला, हेही सांगितले. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फाइल कधी बंद झाली?"

"महिन्यापूर्वी."

"मग मृत्यू तुझ्या अभ्यासाच्या काळात येत नाही."

"पण मॅडम, गोळ्या..."

"सोळा मुली आहेत, सुजाता. एकीची फाइल खोटी निघाली तर सोळाच्या सोळा उघडल्या जातील. मंदाची उघडू? तिच्या म्हाताऱ्यानं किती गोळ्या घेतल्या ते तुला माहीत आहे?" मी पुरचुंडीची गाठ परत बांधली. "त्या बाईचं वाईट झालं. मला काय वाटत नसेल असं समजू नकोस. पण तू आज नापास झालीस तर तिला त्याचा काय उपयोग? तुला पास करायचं म्हणूनच तिने ते केलं ना?"

हे शेवटचे वाक्य त्या क्रूरपणाने बोलल्या नाहीत. त्यांना ते खरोखर पटलेले होते. मग त्यांनी पुरचुंडी माझ्याकडे सरकवली आणि सांगितले, "गोळ्या औषध भांडारात जमा कर. पावती घे." मी जमा केल्या. भांडारातल्या माणसाने खराब झालेल्या वेगळ्या काढल्या आणि बाकीच्या बरणीत ओतल्या.

परीक्षेच्या दोन दिवस आधी बाबा वसतिगृहावर आले. आईने दिलेल्या जवसाच्या चटणीचा डबा होता. वस्तीत सगळ्यांना सांगून झाले आहे, निकालाच्या दिवशी विहारात खीर करायची, असे म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, "कठीन हाये का पेपर?" मी म्हणाले, तोंडी आहे. "मंग तं सोपं हाये," बाबा म्हणाले. "तुले बोलता येते."

तोंडी परीक्षेला नागपूरहून आलेल्या परीक्षक बाई वयस्क होत्या. पांढरे सुती पातळ, हातात माझी फाइल. शेजारी ट्यूटर मॅडम बसल्या होत्या. परीक्षक बाईंनी फाइल वरवर चाळली नाही. पानापानावर थांबून वाचली. चांगले प्रश्न विचारले. गृहभेटी किती दिल्या, पाण्याचा निचरा कसा केला, मुलीच्या लसी कोणत्या. मग त्या गोळ्यांच्या पानावर आल्या.

"सुरुवातीला गोळ्या घ्यायला तयार नव्हती म्हणतेस. का?"

"मूल मोठं होऊन अडेल, अशी भीती होती."

"मग तयार कशी केलीस?"

"समजावून सांगितलं."

"हे फार अवघड असतं," त्या म्हणाल्या. "माझी तीस वर्षं यात गेली. मला अजून सगळ्या बायांना पटवता येत नाही." त्यांनी फाइल मिटली. "बाळंतपण झालं असेल आता?"

"हो."

"बाळ कसं आहे?"

"चांगलं आहे."

"आणि आई?"

ट्यूटर मॅडम समोरच्या कागदावर काही लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बरी आहे," मी म्हणाले.

परीक्षक बाईंनी पुढच्या मुलीला बोलवायला सांगितले. निकाल पाच आठवड्यांनी लागला. सामुदायिक आरोग्य परिचर्येत त्या वर्षी आमच्या केंद्रात सर्वांत जास्त गुण मला होते.